लाल बावटा आणि वांग्याचं भरीत

गेले दोन विकांत काही लिहिणं झालं नाही. एक विकांत हापिसच्या रिलीजने खाल्ला आणि दुसरा एका भांडणाने. रिलीजबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. भांडणाबद्दल मात्र आहे, कारण ते भांडण वांग्याच्या भरितावरून झालं आणि त्यात चूक माझी होती.

तर झालं असं. मागच्या मे महिन्यात, मेमोरियल डेच्या जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही सात-आठ मराठी टाळकी फिनिक्सच्या बाहेर, बीलाइन हायवेने वर जाऊन एक दिवस माळावर काढायचा असं ठरवलं. सकाळी निघताना फोन वाजला. राष्ट्रीय हवामान सेवेची सूचना होती : 'रेड फ्लॅग वॉर्निंग', सकाळी 11 ते रात्री 8. मी ती वाचली आणि अंगठ्याने बाजूला सारली. बिल्ड लॉगमधल्या पिवळ्या वॉर्निंगांचं आपण जे करतो, तेच. एरर नाहीये ना? मग चला पुढे.

'रेड फ्लॅग'चं मराठीत काय करायचं? लाल बावटा म्हटलं की आपल्याला गिरणगावातला मोर्चा आठवतो :) पण थोडा विचार केला तर लक्षात येतं की आपल्याकडे या अर्थाचा बावटा आधीपासून आहे. कोकणात वादळाची चिन्हं असली की बंदरावर धोक्याचा बावटा लागतो. 'तीन नंबरचा बावटा लागला' हे वाक्य किनाऱ्यावरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. होडी पाण्यात जात नाही, बस्स. समुद्र कदाचित दिवसभर शांतही राहील, पण त्या दिवशी जायचं नाही हे ठरलेलं.

इथल्या लाल बावट्याचा हिशोबही तसाच सरळ आहे. आमच्या भागात साधारणपणे हवेतली आर्द्रता 15 टक्क्यांच्या खाली उतरणार असेल, सोबत वारा काही तास सलग ताशी 20 मैलांचा किंवा झोत 35 मैलांचे असतील, आणि गवत-झुडपं वाळलेली असतील, तर ही सूचना निघते. म्हणजे 'आग लागली आहे' असं ती म्हणत नाही. 'आज लागली तर तुम्हाला आवरणार नाही' एवढंच म्हणते.

इथला मे-जून ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुंबईचा उन्हाळा घामाचा, तर इथला घाम दिसायच्या आत उडून जातो. तापमान चाळिशीच्या पार, आणि दुपारी आर्द्रता सात-आठ टक्के. धुतलेली जीन बाल्कनीत टाकली की अर्ध्या तासात पुठ्ठ्यासारखी कडक होते. गच्चीवर पापड घालायची सोय असती तर विदर्भ-खानदेशातल्या बायकांनी इथे उद्योगच काढला असता. नागपूरकरांना हे पटकन कळेल, कारण त्यांचा वाळ्याचा कूलर ज्या कोरडेपणावर चालतो, त्याच कोरडेपणावर इथले जुन्या घरांवरचे कूलर चालतात. आणि पाऊस आला की दोन्हीकडचे सारखेच निकामी होतात.

हो, पाऊस. इथेही मान्सून आहे आणि त्याला मान्सूनच म्हणतात. पूर्वी फिनिक्सला हवेचा दवबिंदू सलग तीन दिवस 55 फॅरनहाइटच्या वर राहिला की मान्सून आला असं धरत. 2008 पासून हवामान खात्याने सरळ तारखा ठरवून टाकल्या : 15 जून ते 30 सप्टेंबर. पण त्याच्या आधीचे दोन महिने वाईट. तेव्हा वायव्येकडून, ग्रेट बेसिनच्या बाजूने वरच्या हवेतले कमी दाबाचे पट्टे सरकत जातात आणि त्यांच्यापुढे आमच्याकडे नैर्ऋत्येचा कोरडा वारा सुटतो. ढग नाही, थेंब नाही, नुसता वारा. लाल बावट्याचे बरेच दिवस याच काळात पडतात.

आणि मान्सून आला म्हणजे लगेच सुटलो असंही नाही. पहिली वादळं पुष्कळदा कोरडीच असतात. ढगातून पाऊस सुटतो, पण तो जमिनीवर पोचायच्या आत हवेतच आटून जातो. वीज मात्र बरोबर पोचते.

असो. आपण माळावर होतो.

आमच्यातला एक मित्र पक्का जळगावकर. (नाव घेत नाही, त्याला जळगावकरच म्हणू.) त्याच्या मते गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या भरिताला भरीत म्हणणं हा गुन्हा आहे. त्यामुळे देसी दुकानातून आणलेली चार टपोरी वांगी, कोळशाची पिशवी आणि लहानशी शेगडी हे आमच्या सहलीचं मुख्य सामान होतं. कोळसा मीच आणला होता. त्याची आई दोन महिन्यांसाठी आलेली, त्यामुळे काकूही सोबत होत्या. आणि जळगावकराने रीतसर चौकशीही केली होती. त्या जंगलाच्या हद्दीत शेकोटीवर बंदी अजून लागू झालेली नव्हती. नियमाने सगळं बरोबर होतं.

दुपारी दीडच्या सुमारास शेगडी मांडली. वारा होताच. आम्ही दोन गाड्या आडव्या लावून आडोसा केला आणि त्या इंजिनिअरिंगवर खूशही झालो. काकू गाडीत बसल्या होत्या, त्या उतरून आल्या.

"काय रे, पेटवताय काय?"

"हो काकू, भरीत. तुमच्या गावासारखं."

त्यांनी शेगडीकडे बघितलंच नाही. आजूबाजूला बघितलं. पायाखाली, गाड्यांच्या खाली, पार टेकडीपर्यंत गुडघाभर वाळलेलं गवत होतं. एकीकडे सगळं झुकलेलं.

"अरे, या वाऱ्यात जाळ करतात का कोणी? आमच्याकडे असा वारा असला ना, की गड्याला खळ्यात बिडी ओढू देत नव्हते."

"आई, तू नको काळजी करू गं," जळगावकर म्हणाला. "वीस लिटर पाणी आहे. गाडीत एक्स्टिंग्विशर आहे."

"आपल्या गंजीजवळ विहीर होती रे," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या माहेरी एका उन्हाळ्यात कडब्याची गंजी पेटली. ठिणगी कुठून आली ते शेवटपर्यंत कळलं नाही. गंजीपाठोपाठ गोठा गेला. दोन बैल गेले. विहिरीवर माणसं होती, बादल्या होत्या, सगळं होतं. वारा जोराचा होता, एवढंच.

कोणी काही बोललं नाही. तेवढ्यात एका झोताने कागदी ताटल्यांची चळत उचलली आणि पन्नास-साठ पावलांवरच्या काटेरी निवडुंगात नेऊन टाकली. तेव्हा कुठे मला तोंड फुटलं. मी म्हटलं, "राहू दे यार. सकाळी रेड फ्लॅग वॉर्निंग आली होती."

जळगावकराने माझ्याकडे बघितलं. "मग सकाळीच का नाही बोललास?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोळसा पिशवीत परत गेला, आम्ही पोळी-ठेचा खाल्ला, वांगी जशीच्या तशी घरी आली. परतीच्या वाटेवर गाडीत कोणी फारसं बोललं नाही. पुढच्या विकांताला फोनवर त्याने मला सुनावलं, की आईसमोर त्याचा पोपट झाला, आणि मला माहीत असूनही मी मजा बघत बसलो. मीही उलट बोललो. पण फोन ठेवल्यावर त्याचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. सकाळी का नाही बोललो? मग थोडं वाचत बसलो. जे सापडलं ते सांगण्यासाठी हा लेख.

पहिली गोष्ट. वाळवंटात जळायला असतं काय, असं मलाही वाटायचं. दगड, वाळू, निवडुंग. आणि पूर्वी ते बऱ्याच अंशी खरं होतं. सोनोरन वाळवंटातली झुडपं एकमेकांपासून अंतर राखून असतात, मध्ये उघडी जमीन. एका झुडपावर वीज पडली तर ते जळे आणि आग तिथेच थांबे. एका प्रोसेसचं क्रॅश होणं दुसऱ्याला कळू नये, तशी रचना. आता त्या मधल्या जागा गवताने भरल्या आहेत आणि हे गवत इथलं नाही.

त्यातलं सर्वांत बदनाम म्हणजे बफेलग्रास. 1930 च्या दशकापासून गुरांच्या चाऱ्यासाठी आणि जमिनीची धूप थांबवण्यासाठी अमेरिकेत त्याची लागवड झाली. ते मूळचं आफ्रिकेतलं आणि दक्षिण आशियातलं. शास्त्रीय नाव वाचल्यावर मी खुर्चीत सरळ बसलो : सेंक्रस सिलिॲरिस. म्हणजे आपलं अंजन गवत! राजस्थानात त्याला धामण म्हणतात. आपल्याकडे दुष्काळी भागात गुरांना जगवणारं, कृषी संशोधकांनी ज्याच्या सुधारित जाती काढल्या ते चांगलं, गुणी गवत. तेच इथे येऊन वाळवंटाचं वैरी झालंय. गवताचा दोष नाही. इथे त्याला तेवढं चरणारंही कोणी नाही आणि कापून नेणारंही कोणी नाही. ते वाळतं, उभं राहतं आणि वाट बघतं. जळलं तरी मुळापासून पुन्हा फुटतं. त्या दिवशी काकू सहज म्हणाल्या होत्या, "गवत तर आपल्याकडच्यासारखंच दिसतंय." नंतर फोटो एका जाणकाराला दाखवला. बफेलग्रासच होतं.

दुसरी गोष्ट, आणि ही मला फार उलटी वाटली. वाळवंटात पुष्कळदा चांगल्या पावसाच्या हिवाळ्यानंतरचा उन्हाळा जास्त धोक्याचा असतो. कारण सोपं आहे. हिवाळ्यात पाऊस झाला की गवत आणि रानफुलं माजतात. सगळे फोटो काढायला जातात. मे महिन्यात तेच सगळं वाळून सरपण होतं. 2004-05 चा हिवाळा असा ओला होता आणि जून 2005 मध्ये फिनिक्सच्या उत्तरेला विजेने लागलेल्या केव्ह क्रीकच्या वणव्यात सुमारे 2 लाख 40 हजार एकर जमीन जळाली.

तिसरी गोष्ट. आग विझवणारे लोक सरपणाची वर्गवारी तासांत करतात. पाव इंचापेक्षा बारीक काडी किंवा गवत म्हणजे 'एक तासाचं' इंधन, कारण हवेतला ओलावा बदलला की साधारण तासाभरात त्याच्यातला ओलावा बदलतो. मग दहा तासांचं, शंभर तासांचं, हजार तासांचं ओंडक्यांचं. म्हणजे सकाळी सहाला जरा मऊ लागलेलं गवत दुपारी एकला नुसता कागद झालेलं असतं. 'सकाळी तर काही वाटलं नव्हतं' या वाक्याला अर्थ उरत नाही.

आता आगी लागतात कशा? नॅशनल पार्क सर्व्हिस सांगते की अमेरिकेतल्या रानातल्या आगींपैकी जवळपास 85 टक्के माणसांमुळे लागतात. आणि ही माणसं कोण, हे पाहिलं की जास्त अस्वस्थ व्हायला होतं. आगलावे त्यात थोडे. बाकी तुमच्या-आमच्यासारखे.

29 मे 2011. तोही मेमोरियल डेचाच विकांत. ॲरिझोनाच्या पूर्वेला दोघे चुलतभाऊ तंबू ठोकून राहिले होते. शेकोटी विझलीय असं समजून ते फिरायला गेले. त्यातून वॅलो नावाचा वणवा झाला. 5 लाख 38 हजार एकर. राज्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा.

एप्रिल 2017. टूसॉनच्या दक्षिणेला होणाऱ्या बाळाचा मुलगा-मुलगी जाहीर करायची पार्टी. स्फोटकं आणि रंगाची पूड भरलेल्या निशाण्यावर बापाने गोळी झाडली. रंग उडाला आणि गवत पेटलं. सुमारे 47 हजार एकर, 80 लाख डॉलरहून जास्त नुकसान.

13 जून 2020. बीलाइन हायवेच्या कडेला एका गाडीने पेट घेतला. गाडीतून गवतात, गवतातून डोंगरावर. बुश वणवा म्हणून तो ओळखला जातो. 1 लाख 93 हजार एकर, म्हणजे सगळ्या बृहन्मुंबईपेक्षा मोठं क्षेत्र. आम्ही सहलीला गेलो त्याच रस्त्याने. वाटेत काळे पडलेले खांब उभे दिसले होते, तेव्हा मी गाणं बदलत होतो.

ते काळे खांब म्हणजे सग्वारो. हात वर केलेल्या माणसासारखा दिसणारा तो उंच निवडुंग. सिनेमात सगळीकडे दाखवतात, पण प्रत्यक्षात उगवतो फक्त या सोनोरन वाळवंटात. पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम इंच-दीड इंच वाढतो, तेही एखाद्या दाई-झाडाच्या सावलीत. फुलं यायला साधारण पस्तीस वर्षं. पहिला हात फुटायला पन्नास ते सत्तर, कोरड्या जागी त्याहून जास्त. जगतो दीडशे वर्षांच्या आसपास. मे-जूनमध्ये त्याला पांढरी फुलं येतात, मग लाल फळं. तोहोनो ओओधाम लोक ती फळं लांब काठीने काढतात आणि त्यांचं नवं वर्ष या हंगामापासून सुरू होतं.

या झाडाला आगीची सवयच नाही. डोंगरातल्या पाँडेरोसा पाइनची साल जाड असते. अधूनमधून जमिनीलगतची छोटी आग त्याला मानवते, किंबहुना तिथे शंभर वर्षं प्रत्येक आग विझवत राहिल्याने रान गच्च झालं आणि प्रश्न वाढला. 'निसर्गात आग लागतेच, तीही गरजेची असते' हे अर्धवट ज्ञान मीही पार्ट्यांमध्ये पाजळलेलं आहे. ते पाइनच्या बाबतीत खरं. सग्वारोच्या बाबतीत नाही. आगीतून वरवर हिरवा राहिलेला सग्वारोसुद्धा पुढच्या काही वर्षांत हळूहळू मरतो. आणि त्याच्या जागी पहिलं काय येतं? गवत. पुढच्या आगीचं सरपण.

म्हणजे आपलं एक भरीत एका बाजूला आणि दीडशे वर्षं दुसऱ्या बाजूला. रोलबॅक नाही.

पण खरं सांगायचं तर झाडांनी माझी झोप उडवली नाही. ती यार्नेलने उडवली.

फिनिक्सपासून दीड-दोन तासांवर यार्नेल नावाचं लहानसं गाव आहे. 28 जून 2013 ला तिथे डोंगरावर वीज पडून आग लागली. फार मोठी नव्हती, शेवटी साडेआठ हजार एकरांच्या आतच राहिली. 30 जूनला दुपारी जवळच्या वादळातून सुटलेल्या झोतांनी तिची दिशा फिरवली. प्रेस्कॉटच्या ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स या तुकडीतले 19 जण तिच्यात सापडले आणि गेले. तुकडीतला एक जण वेगळ्या कामावर होता, तो तेवढा वाचला. 2016 पासून तिथे स्मारक आहे. पायवाटेने चढत जायचं, वाटेत प्रत्येकाच्या नावाची ग्रॅनाइटची पाटी, एकोणीस पाट्या. शेवटी खाली उतरलं की ती जागा.

भांडणानंतरच्या विकांताला मी एकटाच तिथे जाऊन आलो. पहाटे निघालो, कारण दहानंतर चढवत नाही. पाट्या वाचत गेलो. बहुतेक पोरं विशीतली. माझ्या वयाची, काही माझ्याहून लहान. मी ज्या वयात पहिल्या ऑनसाइटसाठी मॅनेजरच्या मागे लागलो होतो, त्या वयात ही पाठीवर सामान टाकून जाळाच्या कडेने चर खणत होती.

ती आग विजेची होती. तिचा दोष कोणाला देता येत नाही. पण परत येताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आग विजेने लागो, नाही तर आमच्या शेगडीने, विझवायला जाणारी पोरं तीच. त्यांना ठिणगी कोणाची हे विचारून जायची सोय नसते. 'वीस लिटर पाणी आहे, एक्स्टिंग्विशर आहे' असं आपण म्हणतो तेव्हा त्याच्या पुढचं न बोललेलं वाक्य असं असतं, की 'आणि नाहीच जमलं तर कोणीतरी येईलच.' ते 'कोणीतरी' म्हणजे पाटीवरचं नाव असू शकतं.

आता आक्षेप. ते मीच मला घालून पाहिले, कारण जळगावकर घालणारच होता.

एक, 'हवामान बदलतंय, दुष्काळ पडलाय, सरकारने गवत आणलं, आणि तू एका शेगडीवर काय बोलतोस?' मुद्दा बरोबर आहे. वृक्षवलयांच्या अभ्यासातून 2022 मध्ये मांडलं गेलं, की अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात 2000 ते 2021 ही 22 वर्षं गेल्या बाराशे वर्षांतली सर्वांत कोरडी होती, आणि त्यात तापमानवाढीचा मोठा वाटा आहे. शेगडी न पेटवून दुष्काळ हटत नाही. गवत काढायला पैसा आणि माणसं हवीत, आणि ते काम सरकारचंच आहे. (टूसॉनकडे स्वयंसेवक शनिवार-रविवार कुदळी घेऊन हे गवत उपटतात. त्यांना नमस्कार.) पण सरपण साचवणं आणि काडी ओढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं माझ्या हातात फारसं नाही. दुसरं पूर्णपणे माझ्याच हातात आहे. पहिलं जितकं बिघडेल तितकी दुसऱ्याची जबाबदारी वाढते, कमी होत नाही.

दोन, 'तज्ज्ञांचंही चुकतं, मग आम्ही काय?' चुकतंच. 2025 च्या 4 जुलैला ग्रँड कॅन्यनच्या उत्तर कड्यावर विजेने आग लागली. सुरुवातीला ती पूर्ण न विझवता ठरावीक हद्दीत आवरून ठेवायचं धोरण होतं. आठवड्याभरात वाऱ्याने हद्द मोडली आणि ऐतिहासिक ग्रँड कॅन्यन लॉज जळून गेलं. पण यातून मी काय शिकायचं? ज्यांचा जन्म या कामात गेला त्यांना वारा चकवतो, तर दोन गाड्या आडव्या लावून आडोसा केलेल्या आम्हा जावावाल्यांना तो हमखास चकवणार, हेच ना.

तीन, 'कायद्याने बंदी नव्हती.' हा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण आपण सगळे स्पेसिफिकेशन वाचून काम करणारे. लिहिलंय का? नाही. मग चालतं. पण बंदीचे हुकूम हंगाम बघून निघतात, आणि वारा रोजचा वेगळा असतो. हुकूम निघायच्या आधीही एखादी दुपार तशी असू शकते. ती दुपार ओळखायची जबाबदारी स्पेसिफिकेशनवर टाकता येत नाही. एरवी ती गोष्ट आमच्यातल्या फक्त एका माणसाला दिसली, आणि त्या माणसाच्या फोनवर सूचनाही आली नव्हती. काकूंकडे तर इथलं सिमकार्डही नव्हतं.

चार, 'पण काही झालं तर नाही ना?' हो, नाही झालं. होणारही नव्हतं, कदाचित. शंभरांतल्या नव्व्याण्णव वेळा काहीच होत नाही. इथेच खरी गोची आहे. टळलेल्या आगीचा फोटो निघत नाही. आपल्या धंद्यातल्या जुन्या लोकांना वाय-टू-के आठवत असेल. हजारो लोकांनी रात्री जागून कोड दुरुस्त केला, 1 जानेवारी 2000 ला विमानं नीट उतरली, आणि लोक म्हणाले, उगाच बोंब मारली, काही झालंच नाही. काळजी घेणाऱ्याच्या नशिबी हेच असतं. तो बरोबर ठरला तर वेडा दिसतो.

आणि आता मूळ प्रश्न. सकाळी मी का नाही बोललो? सूचना समजली नव्हती म्हणून नाही. चांगली समजली होती. बोललो नाही, कारण मला रंगाचा बेरंग करायचा नव्हता. चार मित्रांत 'अरे आज नको' म्हणणारा माणूस म्हणजे घाबरट, काकूबाई. (शब्द बघा कसा आहे!) मला तो माणूस व्हायचं नव्हतं, म्हणून मी ते काम एका साठीच्या बाईवर सोडलं. मला वाटतं, पुष्कळ आगी अशाच लागत असतील. निष्काळजीपणाने थोड्या, आणि माहीत असलेल्या माणसाच्या भिडेने जास्त.

हे फक्त ॲरिझोनाचं आहे असं समजू नका. फेब्रुवारी ते मे सह्याद्रीत काय होतं ते ट्रेकवाल्यांना माहीत आहे. वाळलेलं गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं या समजुतीने लावलेले वणवे, फेकलेली विडी-सिगारेट, तंबूसमोरची हौसेची शेकोटी. वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, पण जाळरेषा म्हणजे शेवटी एक पट्टा. जोराच्या वाऱ्यात ठिणगी तो सहज ओलांडते. पुण्याहून शनिवारी निघणाऱ्या मंडळींनी हा लेख तिकडचाच समजून वाचावा.

माझं म्हणणं एवढंच आहे. लाल बावट्याच्या दिवशी 'जपून पेटवा' असं काही नसतं. त्या दिवशी पेटवायचंच नाही. ट्रेलरची साखळी रस्त्यावर घासत न्यायची नाही, गरम गाडी वाळल्या गवतावर उभी करायची नाही, सिगारेट गाडीबाहेर नाही, भरीत परवा. बंदरावर बावटा बघून होडी वाळूत ओढून ठेवणाऱ्या माणसाला कोणी भित्रा म्हणत नाही. एक दिवस थांबायचं, त्यात वीरश्री काही नाही. ज्याने पहिल्यांदा सूचना वाचली त्याने ती मोठ्याने वाचून दाखवायची, तेही घरून निघायच्या आधी, इतकंच.

मी जळगावकराला हे सगळं फोन करून सांगितलं. म्हणजे लेख नाही, फक्त 'सकाळी बोलायला हवं होतं, चुकलं' एवढंच. तो 'हं' म्हणाला. गेल्या गुरुवारी दुपारी त्याचा मेसेज आला. आधी त्या दिवशीच्या लाल बावट्याचा स्क्रीनशॉट, आणि खाली : "आज गॅसवर. आई परवा निघतेय. सात वाजता ये."

गेलो. काकूंनी वांगी गॅसवर जाळी ठेवून भाजली. चव कोळशाची नव्हती, आणि जळगावकराने ते दोनदा बोलून दाखवलं. बाहेर वारा रात्री उशिरापर्यंत सुटला होता. खिडकीची जाळी वाजत होती, आणि काकू मधूनमधून त्या आवाजाकडे कान देत होत्या.